ग्रास कटरला दोरी लावावी की पातं?

पावसानंतर कोकणातल्या आंबा-काजूच्या बागेत बेणणी (गवत-झुडपं कापणं) करताना हा प्रश्न येतोच. कलमांच्या आळ्याजवळ आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला मी नायलॉन दोरीच वापरतो. ती चिऱ्याला (जांभ्या दगडाला) लागली तर फक्त झिजते. मात्र कोवळ्या कलमाची साल दोरीनंही सोलली जाते, आणि बारीक खडे ती जोरात उडवते. म्हणून गॉगल, गमबूट आणि यंत्राचं पुढचं गार्ड हवंच. दोरीऐवजी तार तर कधीच बांधू नका. तुटलेला तुकडा गोळीसारखा जातो.

करवंद, घाणेरी अशा जाड झुडपाला मात्र पातंच लागतं. इथे खरी भीती झटक्याची. पात्याची पुढची उजवी बाजू खोडाला किंवा दगडाला आपटली की यंत्र उजवीकडे फेकलं जातं. त्यामुळे उजवीकडून डावीकडे फिरवत, डाव्या कडेनं कापायचं, आणि खांद्याचा पट्टा लावल्याशिवाय सुरूच करायचं नाही. चीर दिसलेलं पातं सरळ भंगारात टाका.

दोन्हींत १५ मीटरच्या आत कुणी नको, विशेषतः मुलं. अडकलेलं गवत इंजिन बंद करूनच काढा. पेट्रोलही इंजिन थंड झाल्यावरच भरा.