नवे म्हणून घेतलेले 32 सेल जुने निघाले: घरच्या बॅटरी बँकेत मी कसा फसलो

छपरावर सोलर पॅनेल, खाली इन्व्हर्टर आणि स्वतःच्या हाताने बांधलेली बॅटरी बँक, असं काम तुम्ही हाती घेतलं असेल किंवा घ्यायच्या विचारात असाल, तर हे नीट वाचा. माझी 32 लिथियम सेलची खरेदी पूर्ण फसली. पैसे परत मिळालेले नाहीत, मिळतील अशी आशाही राहिलेली नाही. निदान माझ्यासारखं दुसऱ्या कोणाचं होऊ नये म्हणून जसं घडलं तसं लिहितोय.

बेत मोठा होता. 540 वॉटची 20 पॅनेल, म्हणजे 10.8 किलोवॉट. पाच-पाच किलोवॉटचे दोन हायब्रिड इन्व्हर्टर. आणि लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचे 16-16 चे दोन पॅक. प्रत्येक सेल 3.2 व्होल्ट, क्षमता 280 अँपिअर-तास. सोळा सेल सिरीजमध्ये जोडले की 51.2 व्होल्ट होतात आणि एका पॅकमध्ये साधारण 14.3 युनिट वीज मावते. दोन पॅक म्हणजे साडेअठ्ठावीस युनिटच्या वर. तयार बॅटरी घेण्यापेक्षा सुटे सेल घेऊन बांधणं बरंच स्वस्त पडतं, शिवाय आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

विक्रेता निवडताना मी घाई केली नव्हती. त्याचा भाव सगळ्यात कमी नव्हता. तसा असता तर मी सावध झालो असतो. इतरांपेक्षा जेमतेम थोडा खाली, पटेल इतकाच. बोलणं अदबीचं, रात्री उशिरा विचारलं तरी उत्तर यायचं. सेल ‘ग्रेड ए’, कारखान्यातून थेट, असं त्याने लिहून दिलं. सोबत प्रत्येक सेलची क्षमता लिहिलेला तक्ता पाठवला: 285, 286, 287. एकही आकडा 284 च्या खाली नाही. तो तक्ता पाहून मला बरं वाटलं होतं. आज पाहिला की वाटतं, 32 वस्तूंचं खरं मोजमाप इतकं एकसारखं कसं येईल हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

ग्रेडबद्दल थोडं सांगतो, कारण सगळी फसवणूक या एका शब्दावर चालते. कारखान्यातून निघालेले सेल तपासून वेगळे केले जातात. क्षमता, अंतर्गत रोध (सेल आतून प्रवाहाला किती अडवतो ते), न वापरता आपोआप वीज उतरण्याचा वेग हे सगळं ठरलेल्या मर्यादेत बसलं तर तो ए. कुठेतरी किंचित कमी पडला तर बी. बी ग्रेडचा सेलही नवाच असतो आणि ‘हा बी आहे’ असं सांगून कमी भावात विकला तर त्यात काही गैर नाही, घरच्या वापराला तो चालतो. गाड्यांमधून काढलेले जुने सेलही सांगून विकले तर घेणारे आहेत. पण तेच सेल घासूनपुसून, नवं निळं प्लास्टिक चढवून, ए म्हणून विकणं ही सरळ चोरी आहे.

मग त्याने सुचवलं, पैसे खरेदीच्या साइटवरून भरण्याऐवजी थेट बँकेत भरा, साइटचं कमिशन वाचेल, तेवढी सूट तुम्हालाच देतो. रक्कम मोठी होती, त्यामुळे सूटही डोळ्यात भरण्यासारखी होती. मी पैसे थेट पाठवले. ज्या क्षणी ते गेले, त्या क्षणी माझं सगळं संरक्षण संपलं.

माल आला. पेट्या भक्कम, फोम व्यवस्थित, एकाही कोपऱ्याला धक्का नाही. त्याच दिवशी त्याचा संदेश आला, ‘सर, एकदा व्होल्टेज बघून घ्या. 3.29 च्या आसपास असेल तर सगळं उत्तम आहे. मग परत बंद करून कोरड्या जागी ठेवा, जोडणीच्या वेळीच काढा.’ मी मीटर लावला. सगळे 3.29, दोन-तीन 3.30. वजनही केलं, सव्वापाच ते साडेपाच किलोच्या मध्ये, जसं असायला हवं तसंच. ‘माल उत्तम’ असं मी त्याला लिहून कळवलं. तेच वाक्य त्याने पुढे माझ्याविरुद्ध वापरलं.

इथे चूक काय झाली ते समजून घ्या. या प्रकारच्या सेलचा व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. चाळीस टक्के भरलेला आणि साठ टक्के भरलेला यांत व्होल्टच्या शंभराव्या भागांइतकाच फरक दिसतो. टाकीत पाणी किती आहे हेही तो आकडा धड सांगत नाही, मग टाकी केवढी आहे हे कुठून सांगणार? वजनाचंही तेच. सेल झिजतो तेव्हा आतलं लिथियम कामातून जातं, सेलमधून बाहेर जात नाही. दहा वर्षं वापरलेला सेलही काट्यावर नव्याएवढाच भरतो.

त्यानंतर चार महिने सेल पेटीत पडून राहिले. मोठं काम एकट्याने करणाऱ्याचं असंच होतं. आधी छपरावरचा सांगाडा, मग पॅनेल, मग पाइपातून वायरिंग, अर्थिंग, इन्व्हर्टरची भिंत. बॅटरीचा नंबर शेवटी लागतो. हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. ‘तुमचं काम कुठवर आलं सर?’ असं तो अधूनमधून विचारायचा आणि मला वाटायचं, किती आपुलकी आहे. तक्रारीची मुदत माल मिळाल्यापासून 30 दिवस होती. त्याचा सगळा धंदा या मधल्या काळावर उभा आहे.

चार महिन्यांनी पहिले सोळा सेल समांतर जोडून 3.65 व्होल्टपर्यंत भरले, म्हणजे सगळे एकाच पातळीवर आणले (याला टॉप बॅलन्स म्हणतात). मग सिरीजमध्ये बांधून बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर पॅक बंद करणारं सर्किट, लावला आणि इन्व्हर्टरवर तीन किलोवॉटचे हीटर चालू केले. हिशोबाने साडेचार तासांच्या आसपास चालायला हवं होतं. दोन तास चाळीस मिनिटांनी खट्ट आवाज झाला आणि सगळं बंद. बीएमएसने काढलेला आकडा 171 अँपिअर-तास. अकरा नंबरचा सेल 2.5 व्होल्टला येऊन बसला होता, बाकीच्यांत बऱ्याच जणांत अजून वीज शिल्लक होती. सिरीजमध्ये सगळ्यात अशक्त सेल जेवढा चालेल तेवढाच अख्खा पॅक चालतो. 14.3 युनिटच्या जागी माझ्या हातात पावणेनऊ युनिट.

आधी वाटलं, जोडणी सैल असेल. सगळे बसबार, म्हणजे सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, काढले, साफ केले, टॉर्क रेंचने पुन्हा आवळले. तेच उत्तर. मग 40 अँपिअरचा टेस्टर आणला आणि एकेक सेल पूर्ण भरून पूर्ण उतरवायला घेतला. नवा सेल 40 अँपिअरला सात तास टिकतो. भरणं-उतरवणं मिळून एका सेलला एक दिवस, असे 32 दिवस. रोज रात्री वहीत एक आकडा लिहायचो. 203. 219. 188. 236. सगळ्यात चांगला 241, सगळ्यात वाईट 168. गाडीतून बॅटरी काढायची वेळ साधारण मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांवर आली असं मानतात, म्हणजे इथे 224. माझे निम्म्याहून जास्त सेल त्याच्याही खाली होते.

माझा एक मित्र बॅटरी दुरुस्तीचं काम करतो. त्याला बोलावलं. त्याने मीटर बाजूला ठेवला, खोलीतला दिवा घालवला आणि टॉर्च आडवी धरून सेलच्या माथ्यावर प्रकाश टाकला. ‘अरे, हे बघ,’ म्हणाला. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या अॅल्युमिनियमच्या टर्मिनलवर तिरक्या उजेडात बारीक समांतर ओरखडे उठून दिसत होते, पॉलिश पेपरचे. आणि त्यांच्या खाली अर्धवट पुसलेलं एक कडं, जिथे कधीकाळी लेझरने पट्टी जोडलेली होती. ती पट्टी कापून, वेल्डिंग घासून, वर नवा स्टड बसवला होता. मग त्याने एका सेलचं निळं प्लास्टिक ब्लेडने अलगद सोललं. खाली जुन्या गोंदाच्या वाळलेल्या पिवळट रेघा होत्या. सेलच्या पोटाची जाडी मोजली. 72 मिलिमीटर असायला हवी होती, मध्यभागी 75 भरली, म्हणजे सेल फुगलेला होता.

पण खरा पुरावा क्यूआर कोडात सापडला. गाड्यांच्या बॅटरीसाठीच्या चिनी प्रमाणानुसार प्रत्येक सेलवर 24 अक्षरांचा कोड असतो. पहिली तीन अक्षरं उत्पादकाची, पुढे हा सेल आहे की पॅक, रसायन कोणतं, मग शेवटाकडे तीन अक्षरांत बनवल्याची तारीख आणि सगळ्यात शेवटी सात अक्षरांचा अनुक्रमांक. फोनने 32 कोड वाचून एकाखाली एक लिहिले. चार सेलवर तंतोतंत एकच कोड होता. शेवटचे सात आकडेसुद्धा तेच. कारखान्यातून दोन सेल एका अनुक्रमांकाचे निघत नाहीत, इथे चार होते. आणि त्याने पाठवलेल्या तक्त्यातल्या अनुक्रमांकांपैकी एकही माझ्या सेलवर नव्हता. फोन हातात होता, हे काम वीस मिनिटांचं होतं, आणि ते मी चार महिने केलं नाही याचं मला सगळ्यात जास्त दुःख आहे.

विक्रेत्याला सगळं पाठवलं. त्याचं पहिलं उत्तर, ‘सर, तुमची चाचणीची पद्धत चुकीची आहे.’ तापमान 25 अंश हवं. होतं. टेस्टरचं कॅलिब्रेशन दाखवा. दाखवलं. मग सात तासांचा सलग, न कापलेला व्हिडिओ मागितला. तोही केला. मग म्हणाला, चार महिने तुम्ही सेल कसे ठेवले कोणास ठाऊक, माल मिळाला तेव्हा तर तुम्हीच ‘उत्तम’ म्हणाला होतात. शेवटी पाच टक्के परत देतो म्हणाला, अट एकच, कुठे काही लिहायचं नाही. मी नाही म्हटलं.

माल परत पाठवा, मग बघू, असंही त्याचं एक वाक्य होतं. ते ऐकायला न्याय्य वाटतं. पण लिथियम बॅटरी वाहतुकीच्या नियमांत धोकादायक माल, वर्ग 9, यूएन 3480 या क्रमांकात मोडते. साधं कुरिअर ती उचलत नाही. जे उचलतात त्यांना ठरावीक पॅकिंग आणि कागदपत्रं लागतात, आणि सुमारे पावणेदोनशे किलोचं भाडं ऐकल्यावर मी फोन ठेवला. परत पाठवायचं म्हणजे पदरचं आणखी घालवायचं, हे त्याला माझ्या आधी माहीत होतं. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, ते मागे खेचता येत नाहीत. साइटने सांगितलं, व्यवहार आमच्याकडे झालाच नाही.

आणखी एक, कारण ते पैशाच्या पलीकडचं आहे. सेलसोबत त्याच्याकडूनच 35 चौरस मिलिमीटरची ‘शुद्ध तांब्याची’ केबल घेतली होती. सेल असे निघाल्यावर मी तिचंही टोक सोललं आणि एक तार ब्लेडने खरवडली. आत पांढरी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. या जाडीच्या एक मीटर केबलमध्ये नुसतं तांबंच 310 ग्रॅमच्या आसपास असायला हवं, माझी वरचं आवरण धरून 220 भरली. तांब्याच्या हिशोबाने 100 अँपिअर सोडले असते तर ती कुठे तापली असती याचा विचार आजही नकोसा वाटतो. सेल कमी निघाला तर दिवे लवकर जातात, पण केबल खोटी निघाली तर घर जळू शकतं. या बाबतीत मी कोणालाच माफ करणार नाही. पॅकचा क्लास टी फ्यूज मी सुदैवाने दुसरीकडून घेतला होता. शॉर्ट झाल्यावर असा पॅक क्षणात हजारो अँपिअर ओकतो आणि तो प्रवाह तोडण्याची ताकद साध्या फ्यूजमध्ये नसते.

तुम्ही सेल घेणार असाल तर माझं कळकळीचं सांगणं आहे: सांगाडा राहू दे, पॅनेल राहू दे, पेटी आली त्या आठवड्यात सेल उघडा. सगळे कोड वाचून घ्या. टर्मिनलवर टॉर्च आडवी धरा. चार तारांच्या मीटरने प्रत्येकाचा अंतर्गत रोध मोजा. या आकाराच्या नव्या सेलचा साधारण 0.25 मिलिओहमच्या आत येतो, माझ्यातले काही 0.6 च्या वर होते. 100 अँपिअर प्रवाहाला असा सेल सहा वॉट नुसती उष्णता करतो. आणि चार सेल तरी, विक्रेत्याने नव्हे, तुम्ही निवडलेले, पूर्ण भरून पूर्ण उतरवा. तोवर ‘माल चांगला आहे’ असं एक अक्षरही लिहून देऊ नका. पैसे भरायचे ते साइटच्या आतच.

माझ्याकडचे त्यातल्या त्यात बरे सोळा सेल निवडून मी एकच पॅक बांधला आहे. त्याच्यावर जास्त भार टाकत नाही आणि तो झोपायच्या खोल्यांपासून लांब ठेवला आहे. बाकीचे सोळा रिसायकलिंगला द्यायचे आहेत.

मागच्या महिन्यात त्याच सेलची जाहिरात पुन्हा दिसली. विक्रेत्याचं नाव वेगळं, ग्रेड ए तीच. फोटो मात्र मी लगेच ओळखला. करड्या टेबलावर ओळीने मांडलेले निळे सेल, आणि टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर पिवळी टेप चिकटवलेली, तिचा एक तुकडा सुटलेला. माझ्या विक्रेत्याने मला पाठवलेल्या व्हिडिओत तोच कोपरा होता. कोणाला तो फोटो दिसला तर एक पैसाही भरू नका.