मिकोनोसला जाताय? समुद्र फुकट आहे, सनबेडवाल्यापासून जपा

ग्रीसचं प्लॅनिंग करणाऱ्यांसाठी लिहितेय, जरा लांबेल. जुलैत मिकोनोस बेटावर गेलो होतो, आम्ही दोघं आणि दीर-जाऊ. तिथे उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, टोप्या उडवतो अक्षरशः, म्हणून सगळे दक्षिणेकडच्या बीचवर जातात, तिकडे आडोसा असतो. आम्हीही फाब्रिका स्टँडवरून बस पकडून तिकडेच गेलो. पाणी एक नंबर, गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून पायाची बोटं दिसतात, आणि आम्ही रत्नागिरीकडचे त्यामुळे भरती-ओहोटीचा हिशोब डोक्यात असतोच, इथे पाणी दिवसभर जवळपास तिथल्या तिथेच, मस्त डुंबलो.

तर झालं असं की उतरल्या उतरल्या बीचवरच्या हॉटेलातला एक पोरगा गोड हसत आला, म्हणाला सनबेडचे, म्हणजे बीचवर पसरायच्या त्या लांब खुर्च्यांचे, पैसे नाहीत, फक्त जेवण आमच्याकडे करा. दराचा बोर्ड कुठे दिसला नाही. दुपारी तोच ट्रेमध्ये ताजे मासे घेऊन आला, कुठला हवा बोट दाखवा म्हणे. आपल्याकडे कोळीण माशाला हात लावायच्या आधी भाव सांगते, इथे भावही नाही नि वजनही नाही, मासा थेट आत. मेन्यूत किंमत होती, पण किलोची, बारीक अक्षरात, ९० युरो. ब्रेड आणि डिप न मागता आलं.

बिल आलं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर. ३८० युरो!! म्हणजे अडतीस हजारच्या आसपास. मासा म्हणे १ किलो ९०० ग्रॅम, चौघांत खाऊन कोणाचं पोट भरलं नाही तो. फुकटचे सनबेड ‘मिनिमम ऑर्डर’ नावाने लावलेले आणि वर सर्व्हिस चार्ज.

दीर वैतागून ओरडायला लागले, पण जाऊबाई हुशार, तिने काउंटरजवळची पाटी वाचली. ग्रीसमध्ये पावती दिली नाही तर गिऱ्हाइकाने पैसे देणं बंधनकारक नाही, आणि तशी पाटी दुकानात, हॉटेलात लावलेली असते. तिने शांतपणे छापील पावती मागितली. पंधरा मिनिटं मशीन बिघडलंय, मॅनेजर नाही वगैरे नाटकं, मग पावती आली, त्यात सर्व्हिस गायब आणि सनबेडही गायब. मासा मात्र तेवढ्याच वजनाचा राहिला, खाऊन झाल्यावर वजन सिद्ध कसं करणार? कार्ड मारताना मशीनने रुपये की युरो विचारलं, वेटर स्वतःच रुपये दाबायला निघाला होता, नवऱ्याने थांबवलं. रुपये घेतले की रेट त्यांचा लागतो, नेहमी युरोच निवडा.

मासा घ्यायचाच असेल तर वजनकाटा समोर आणायला सांगा आणि आकडा कागदावर लिहून घ्या, लाजू नका. सनबेड तर अजिबात लागत नाही. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक आहे, पाण्यालगतची ४ मीटर पट्टी मोकळी ठेवावी लागते, आणि २०२४ पासून सरकारचं मायकोस्ट नावाचं ॲप आहे, त्यावर बीच अडवल्याची तक्रार करता येते. दुसऱ्या दिवशी आम्ही सुपरमार्केटमधून पाणी, पीच आणि चीज भरलेले पाय (pie) घेतले आणि त्याच बीचवर पाण्याजवळ टॉवेल टाकले. तोच पोरगा आला, इथे बसता येणार नाही म्हणाला. नवऱ्याने मोबाईलवर ॲप उघडून दाखवलं, तसा तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला.