पॅरिसला प्रायव्हेट जेटनं जावं का बिझनेस क्लासनं? आठ जणांच्या घरासाठी तुलना

जालन्याच्या आमच्या एका दोस्ताच्या घरात सध्या हाच विषय चालू आहे. अण्णांची पंच्याहत्तरी, घरातले आठ जण, पाच दिवस पॅरिसमध्ये चित्रं बघायची, चांगलंचुंगलं खायचं, आणि गाडी अडली आहे ती एवढ्यावरच की जेट चार्टर करायचं का मुंबईहून बिझनेस क्लासची तिकिटं काढायची. मला विचारलं म्हणून सविस्तर लिहितो, अजून कुणाच्या घरात असंच चालू असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

मुंबई ते पॅरिस साधारण 7,000 किमी. एअर फ्रान्सचं थेट विमान आहे, नऊ-दहा तास, आणि जेटलाही जवळपास तेवढेच लागतात बरं का, हे लई जणांच्या लक्षातच येत नाही. वेळ वाचतो तो खाली, जमिनीवर. जेट उतरतं ले बुर्जेला, 1927 ला अमेरिकन वैमानिक लिंडबर्ग अटलांटिक ओलांडून जिथं उतरला तोच विमानतळ, आता तिथं रोजची प्रवासी विमानं येत नाहीत, शहर अगदी जवळ आणि रांग जवळपास नाहीच. इकडच्या बाजूला संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून उडालात तरी इमिग्रेशन-कस्टम्ससाठी मुंबईला उतरणं धरूनच चाला, पण समृद्धीवरचा गाडीचा प्रवास टळतो, अण्णांच्या गुडघ्यांसाठी ही खरंच मोठी गोष्ट आहे.

विमान कोणतं देणार ते आधी विचारा. मध्यम आकाराचं असेल तर मध्ये कुठंतरी, बहुतेक आखातात, तेल भरायला थांबावं लागणार. न थांबता जायचं तर गल्फस्ट्रीम जी550 किंवा ग्लोबल 6000 सारखं मोठं पाहिजे. त्यात बारा-चौदा जण बसतात, पण आडवं झोपायची सोय साधारण सहा जणांचीच, म्हणजे आठांतल्या दोघांनी रात्र बसून काढायची. बिझनेस क्लासमध्ये प्रत्येकाला सपाट होणारी सीट मिळते.

पैशाचं म्हणाल तर चार्टर तासावर असतं, माणशी नाही. विमान पाच दिवस तिथं थांबवलं की पार्किंग आणि क्रूचं हॉटेल आपल्याकडं, सोडून परत पाठवलं तर रिकाम्या फेऱ्यांचेही पैसे आपणच भरायचे. जाऊन-येऊन आकडा कोटीत जातो, आठ बिझनेस तिकिटं लाखांत भागतात. आणि कुणी ओळखीतलं घरचं विमान भाड्यानं देतो म्हणाला तर नको म्हणा, डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, नॉन-शेड्युल्ड परमिट (भाड्यानं विमान चालवायचा परवाना) असल्याशिवाय पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, दोन्हीकडं तोच, बोटांचे ठसेही तेच.

आता खरी गोम. पॅरिसमधली चित्रांची दोन मोठी म्युझियमं, लूव्हर मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी बंद, मग तुम्ही कशानंही जा. म्हणून माझं म्हणणं, बुधवारी सकाळी पोचा, थोडं झोपा आणि संध्याकाळी लूव्हरला जा, बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री 9 पर्यंत उघडं असतं. गुरुवारी ऑर्से उशिरापर्यंत असतं, जुन्या रेल्वे स्टेशनातलं म्युझियम, व्हॅन गॉगची 1888 ची ऱ्होन नदीवरची तारांकित रात्र तिथंच आहे. शुक्रवारी दुपारी आर्पेज. तीन मिशेलिन स्टारचं, म्हणजे जेवणासाठीच्या सगळ्यात वरच्या मानाचं हॉटेल, शेफ अलेन पासार यांनी 2001 ला तांबडं मांस बंद केलं आणि 2025 पासून मध सोडून सगळं वनस्पतीजन्यच केलंय, म्हणजे माळकरी काकूंनाही ताटाकडं संशयानं बघावं लागणार नाही. शनिवार-रविवार ते बंद असतं, टेबल लई आधी बुक करा, नंतर तारखा ठरवा. त्याच रस्त्यावर शिल्पकार रोदँचं म्युझियम आहे, जेवून बागेत निवांत फिरता येतं.

शनिवार ओरांजेरी म्युझियमला द्या. मागच्या खेपेला आईला घेऊन गेलो होतो, दोन लांबट गोल दालनं, भिंतभर चित्रकार मोनेनं रंगवलेली कमळं, मधे बाक. आई पहिली पाच मिनिटं म्हणत होती नुसतं निळं-हिरवं दिसतंय, मग अजिंठ्याच्या एक नंबर लेणीत डोळे अंधाराला सरावले की पद्मपाणी कसा हळूहळू उमटतो तसं तिला पाणी दिसायला लागलं, फांद्या दिसायला लागल्या, आणि तासभर ती तिथून उठलीच नाही.

खाऊ भरताना एक लक्षात ठेवा, तूप, पेढे, केसर आंबा, मोसंबी युरोपात नेता येत नाही, जेटनं गेलं तरी नाही. शेंगदाण्याची चटणी, धपाटे चालतील, पण धपाट्यात दही घालू नका.

माझं मत विचाराल तर अण्णांना विमानतळावरची चाल आणि रांगा खरंच झेपत नसतील तरच जेट. व्हीलचेअरवर ते आरामात जाणार असतील तर बिझनेस क्लास घ्या आणि पाचाचे आठ दिवस करा. त्या जादा दिवसांत व्हिएन्ना होतं, तिथं एकाच म्युझियममध्ये ब्रुगेल या जुन्या चित्रकाराची बारा चित्रं आहेत, आणि अण्णांना शेतीची, बर्फातल्या शिकाऱ्यांची ती चित्रं सगळ्यात जास्त आवडतील.