ऑफिसात लिनक्स आहे, मग निरोप कशावर धाडायचे?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातले संगणक मी अधूनमधून बघतो. सहा मशिनी, सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स, बहुतेकांत चार जीबी रॅम. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. परवा ते म्हणाले, "ऑफिसातून शेडमध्ये फोन लावतो, पण मागांच्या खडखडाटात रिंग कुणाला ऐकू येतीय? ह्या मशिनींवरच काहीतरी टाक की." त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न ठरलेला: व्हॉट्सॲप का नको? व्यापारी सगळे तिथेच, त्यामुळे ते सुटणार नाहीच. लिनक्ससाठी अधिकृत ॲप नाही, ब्राउझरमध्ये उघडायचं. फोन सोडून आणखी चार उपकरणं जोडता येतात आणि फोन चौदा दिवसांहून जास्त वापरला नाही तर ती सुटतात. हे चालवून घेता येईल. खरी गोची अशी की खातं माणसाच्या नंबराला चिकटलेलं असतं. शेडमधल्या मशिनीवर कुणाचा नंबर घालणार? जॉबरचा, म्हणजे मागांवरच्या मुकादमाचा? तो नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर वर्षभराचे निरोपही गेले.

सिग्नल ॲपचंही तेच. खासगीपणात त्याचा हात धरणारं कुणी नाही, पण आधी फोनवर खातं काढायला लागतं, आणि डेस्कटॉप ॲप इलेक्ट्रॉनवर, म्हणजे पोटात अख्खा ब्राउझर घेऊन, बांधलेलं असल्यामुळे चार जीबीच्या मशिनीला धाप लागते. टेलिग्रामचं ॲप लिनक्सवर हलकं नि झटपट आहे, मात्र साध्या गप्पा टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध, म्हणजे मधल्या सर्व्हरलाही वाचता न येणाऱ्या, नसतात. तसं कूटबद्ध सीक्रेट चॅट फोनवर मिळतं, लिनक्सच्या ॲपमध्ये नाही.

तिघांचं दुखणं एकच: नेट गेलं की बोलणं गेलं. गेल्या पावसाळ्यात रस्ता खोदताना केबल तुटली आणि दीड दिवस नेट नव्हतं. ऑफिस आणि शेड यांच्यात साठ पावलांचं अंतर, तरी निरोप बंद. म्हणून मी अण्णांना म्हटलं, बाहेरच्यांशी बाहेरचं ॲप राहू द्या, घरातलं बोलणं घरच्या सर्व्हरवर, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या आपल्याच एका मशिनीवर, ठेवा. तसं करायचं तर निरोप धाडायच्या तीन खुल्या पद्धतींतून निवड: आयआरसी, एक्सएमपीपी, मॅट्रिक्स.

आयआरसी सगळ्यांत जुनं. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी 1988 मध्ये ते लिहिलं. इतकं हलकं की कुठल्याही भंगार मशिनीवर पळतं. लिनक्सबद्दल अडलं तर लिबेरा चॅट ह्या आयआरसीच्या जाळ्यावर अजूनही जाणती माणसं भेटतात, मी स्वतः तिथे असतो. पण मराठी ऑफिसला ते झेपत नाही. एका संदेशाची मर्यादा 512 बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट खातं. 'सोलापूर' एवढ्या शब्दाला 21 बाइट. म्हणजे दीडशेक चिन्हांत ओळ संपली. इरसी किंवा वीचॅट (WeeChat, चिनी वीचॅट नव्हे) ही आयआरसीची ॲप टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, चालतात, तिथली तऱ्हा आणखी वेगळी. एक्सटर्म नावाच्या साध्या टर्मिनलमध्ये "शिफ्टला किती बीम चढले?" लिहिलं, तर वेलांटी भलत्याच बाजूला, आणि 'फ्ट' फुटून पाय मोडलेला फ वेगळा उभा. खिडकीवालं हेक्सचॅट अक्षरं नीट दाखवतं, पण 2024 च्या फेब्रुवारीतल्या आवृत्तीनंतर त्याचं काम थांबलं. शिवाय मशिन बंद असताना आलेला निरोप मिळतच नाही. त्यासाठी सतत जोडलेलं राहून निरोप धरून ठेवणारं बाउन्सर नावाचं आणखी एक लचांड सांभाळा.

एक्सएमपीपी म्हणजे 1999 चं जॅबर. 2004 मध्ये ते इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ संस्थेचं मानक झालं. माझं मत इथेच पडलं. प्रॉसोडी हा सर्व्हर सहांतल्या सगळ्यांत जुन्या मशिनीवर मजेत चालतो. खात्याला फोन नंबर लागत नाही, त्यामुळे माणसाऐवजी टेबलाला खातं देता येतं: शेड, फोल्डिंग, हिशेब. माणूस बदलला तरी निरोप टेबलापाशी राहतात. वापरणाऱ्यासमोर कुठलं ॲप ठेवायचं? पिजिन अनेकांच्या ओळखीचं, पण आता थकलंय. ओमेमो ह्या एक्सएमपीपीच्या टोकापासून टोकापर्यंतच्या कूटलेखनासाठी प्लगिन शोधत बसावं लागतं. गाजिममध्ये सगळं आहे, पण सेटिंगचा पसारा दांडगा. डिनो सुटसुटीत, 2022 पासून त्यात कॉलही होतात. नवख्याला डिनोच द्या. अँड्रॉइड फोनवर कॉन्व्हर्सेशन्स. मराठी, तेलुगू, कन्नड, तिन्ही लिप्या गाजिम आणि डिनोत नीट उमटतात, आणि आपल्या सोलापुरात ही चैन नव्हे, गरज आहे.

त्रास नाही असं नाही. ग्रुपमधलं जुनं बोलणं साठवायचं मॉड्यूल प्रॉसोडीत वेगळं चालू करावं लागतं. फाइल पाठवण्याची मर्यादा मुळात 10 एमबी असते, टॉवेलच्या डिझाइनचं मोठं स्कॅन तिथे अडतं. दोन्ही गोष्टी सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलीतल्या एकेका ओळीच्या, पण ती ओळ लिहिणारा कुणीतरी हवा.

मॅट्रिक्स 2014 चं. त्याचं एलिमेंट हे ॲप दिसायला देखणं, कॉलेजच्या पोरांना लगेच हाताळता येतं. कारखाना सोलापुरात, विक्री मुंबईत आणि आणखी एक शाखा इचलकरंजीत असा पसारा असेल, तर मीही हेच सुचवेन, कारण वेगवेगळ्या सर्व्हरांवर एकच खोली, इतिहासासकट, चालू ठेवण्यात ते पटाईत आहे. पण सिनॅप्स हा त्याचा नेहमीचा सर्व्हर खादाड. नीट चालवायचा तर पोस्टग्रेस हा डेटाबेस हवा, आणि बाहेरच्या मोठ्या खोल्यांत शिरलात तर डिस्क फुगत जाते. डेस्कटॉपवरचं एलिमेंट इलेक्ट्रॉनचं. त्याऐवजी नेको किंवा फ्रॅक्टल घेता येतं. आणि रिकव्हरी की, म्हणजे जुने संदेश उघडायची किल्ली, हरवली, सगळीकडून लॉगआउट झालं, की जुने कूटबद्ध संदेश उघडत नाहीत. अण्णांच्या ऑफिसात पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेले असतात आणि जानेवारीत कॅलेंडर बदलतं.

तर अण्णांकडे प्रॉसोडी आणि डिनो बसवलं. तुम्ही बसवणार असाल तर दोन गोष्टी आधीच करा. सर्व्हरबरोबर राउटर आणि स्विचही यूपीएसवर घ्या. आणि सर्व्हरचं नाव आपल्याच राउटरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून मशिनीचा पत्ता सांगणाऱ्या यादीत, नोंदवा. ते बाहेरून शोधावं लागलं, तर नेट गेल्यावर सर्व्हर टेबलाखाली चालू असेल आणि शेडमधलं डिनो मात्र त्याला हुडकत बसेल.