ससेक्सच्या किनाऱ्यावरचा इंग्लिश ब्रेकफास्ट : आठ महिने, अकरा कॅफे आणि गार टोस्ट

गेल्या रविवारी इंग्लंडच्या दक्षिणेकडील ससेक्समध्ये, वर्दिंगच्या किनाऱ्यावरील एका कॅफेत मला टोस्टच्या दोन कापांचे वेगळे दीड पौंड द्यावे लागले, तेही पहिले दोन काप पूर्ण गार आले होते म्हणून. ब्रेकफास्टची किंमत सव्वाबारा पौंड होती. मुख्य ताट येण्याच्या आठ मिनिटे आधीच टोस्ट एका बशीत आमच्यासमोर आणून ठेवला होता, आणि सोबतचे चांदीच्या कागदातले लोणी इतके घट्ट होते की पसरवताना ब्रेडला भोक पडले. मी गरम टोस्ट मागितला, तो तत्परतेने आला, पण बिलात ‘जादा टोस्ट’ अशी ओळ होती. ‘ब्रेकफास्टमध्ये दोनच काप येतात,’ एवढेच उत्तर मिळाले. मी पैसे दिले, टिप दिली नाही, आणि घरी येऊन हा अनुभव लिहायला घेतला.

गेल्या ऑक्टोबरपासून वर्दिंग ते हेस्टिंग्ज या पट्ट्यातल्या अकरा कॅफेंमध्ये आम्ही दोघांनी हा ब्रेकफास्ट घेतला आहे. ताटात बेकन (डुकराच्या खारवलेल्या मांसाचे काप), सॉसेज, अंडी, बीन्स, मशरूम आणि सोबत टोस्ट असतो. बेकन, सॉसेज आणि अंडी यांच्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. सॉसेज घेताना एवढेच पाहावे की ‘पोर्क सॉसेज’ म्हणून विकायचे असेल तर त्यात किमान ४२ टक्के मांस असावे लागते आणि स्वस्त कॅफेंमध्ये बहुधा त्या किमान मर्यादेच्या आसपासचेच सॉसेज मिळते. पिठूळ चव लागली तर कारण तेच असते. ब्लॅक पुडिंग मी दोनदा खाल्ले. रक्त, चरबी आणि ओट यांचा तो पदार्थ कुरकुरीत परतलेला असेल तर चांगला लागतो, मऊ असेल तर मला संपवता आला नाही.

टोमॅटोच्या रश्शातल्या डबाबंद बीन्सबद्दलचे माझे मत मात्र मधल्या काळात पूर्ण बदलले. पहिले दोन महिने मी ते गोड, लालसर मिश्रण बाजूला सारत असे, कारण सकाळी सकाळी साखर घातलेली उसळ मला पटत नव्हती. जानेवारीत ईस्टबोर्नला एकदा बीन्स संपले होते आणि त्यांच्याशिवाय ताट आले, तेव्हा लक्षात आले की बाकी सगळे कोरडे, खारट आणि तुपकट असते. आपल्या पानात आमटीचे जे काम, तेच इथे बीन्स करतात. आज स्वस्तात मिळणारा हाइन्झ कंपनीच्या बीन्सचा डबा १८८६ साली इंग्लंडमध्ये प्रथम विकला गेला तो लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या श्रीमंती दुकानात, हे वाचल्यावर मला त्याच्याविषयी थोडा आदरही वाटू लागला. आता बीन्स वेगळ्या वाटीत आले तर मी ते स्वतःहून ताटात ओतते.

टोस्टबद्दल मात्र मी तडजोड करू शकत नाही. आमच्या घरी पोळी तव्यावरून थेट पानात येत असे, आणि सर्वांना गरम वाढून आई स्वतः शेवटी गार पोळ्या खात असे. त्यामुळे गार पोळी किंवा गार ब्रेड समोर आला की कोणीतरी आपल्याकडे दुर्लक्ष केले आहे असे मला वाटते. शिवाय यामागे साधे कारणही आहे. लोणी तिशीच्या पुढच्या तापमानाला वितळते, म्हणजे टोस्ट त्याहून बराच गरम असेल तरच ते आत मुरते. इथला बहुतेक पांढरा ब्रेड १९६१ साली चॉर्लीवूड येथे विकसित झालेल्या जलद पद्धतीने बनतो. तो अतिशय मऊ असतो, आणि सपाट बशीत ठेवला की स्वतःच्याच वाफेने खालून ओलसर होतो. ईस्टबोर्नच्या एका कॅफेत काप उभे ठेवण्याची जाळी होती, आणि मी तेव्हा तिची फार स्तुती केली होती. ती स्तुती मी मागे घेते, कारण जाळीत टोस्ट कुरकुरीत राहतो खरा, पण चारही बाजूंनी वारा लागून आणखी लवकर गार होतो.

फेब्रुवारीत बेक्सहिलच्या एका छोट्या कॅफेत गल्ल्यालगतच्या टेबलावर बसल्यामुळे आतले काम दिसले. एकच आचारी, एक मोठा तवा आणि चार फटींचा एक टोस्टर. अंडी सर्वांत शेवटी फोडायची असतात आणि त्या वेळी हात मोकळा नसतो, म्हणून टोस्ट आधी उरकला जातो. हे पाहिल्यावर माझा राग बराच निवळला आणि मी ऑर्डर देतानाच ‘टोस्ट ताटाबरोबर आणा, आधी नको’ असे सांगू लागले. सातपैकी सहा वेळा तसे झाले. सातवी वेळ गेल्या रविवारची, आणि म्हणूनच त्या दीड पौंडांचा मला एवढा त्रास झाला. लोण्यावरही उपाय सापडला आहे : चहाची स्टीलची किटली आली की लोण्याची पुडी तिच्या झाकणावर ठेवावी, दोन-तीन मिनिटांत ते पसरण्याजोगे होते.

माझे यजमान शाकाहारी आहेत, अंडी खातात. त्यांच्यासाठी अकरापैकी नऊ ठिकाणी शाकाहारी ब्रेकफास्ट होता, परंतु बेकन आणि मशरूम एकाच तव्यावर परतले जातात का, हे प्रत्येक ठिकाणी विचारावे लागते. चार ठिकाणी उत्तर ‘हो’ असे मिळाले. तिथे त्यांनी फक्त बीन्स आणि टोस्ट घेतला. त्यामुळे टोस्ट गार आला की त्यांचा सगळाच नाश्ता वाया जातो.

पैशांचे म्हणाल तर माझ्या नोंदीत सर्वांत स्वस्त ब्रेकफास्ट साडेआठ पौंडांचा आणि सर्वांत महाग पंधरा पौंडांचा आहे. बसून खाल्लेल्या या पदार्थांवर २० टक्के व्हॅट असतो, हे मला मान्य आहे. ब्रायटनच्या पंधरा पौंडांत मला समुद्राचे दृश्य मिळाले आणि ब्रेडचा एकच काप मिळाला. हेस्टिंग्जच्या जुन्या भागात, जिथे मासेमारीच्या होड्या थेट खडीच्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तिथल्या एका कॅफेत मात्र नऊ पौंड ऐंशी पेन्समध्ये फ्राइड ब्रेड मिळाला. बेकनच्या चरबीत तळलेला तो काप ताटातच, अंड्याखाली येतो, त्यामुळे त्याला वेगळे थांबावे लागत नाही आणि लोण्याची गरजही पडत नाही. पहिल्या घासाला मला तो जड वाटला, पण पिवळा बलक त्यात मुरल्यावर मी उरलेला अर्धा काप शेवटच्या घासासाठी राखून ठेवला. आठ महिन्यांत फक्त याच एका ठिकाणी मी न सांगता ब्रेड गरम आला. यजमानांसाठी त्यांनी वेगळ्या कढईत तेलावर एक काप तळून दिला, त्याचे जादा पैसे लावले नाहीत.

तिथे फ्राइड ब्रेड फक्त सकाळी अकरापर्यंत मिळतो. येत्या शनिवारी आम्ही पहिल्या गाड्यांपैकी एकीने निघणार आहोत.