पुण्यात ७० लाखांत घर: नवं, जुनं, रो-हाऊस की प्लॉट?

माझा भाचा आणि त्याची बायको चार महिने दर रविवारी घरं बघत हिंडतायत. बजेट ७० लाख. सध्या २२ हजार भाड्याच्या घरात राहतात, मूल बालवाडीत आहे आणि आईचे गुडघे कुरकुरतात. मीही त्यांच्याबरोबर बऱ्याच जागांचे जिने चढून आलो. पुण्यात या पैशांत चार प्रकारची घरं दाखवली जातात: बांधकाम चालू असलेला फ्लॅट, जुन्या सोसायटीतला रिसेल फ्लॅट, गावाबाहेरचं रो-हाऊस, आणि ‘घर नंतर बांधा’ म्हणत गळ्यात मारला जाणारा प्लॉट. ब्रोकर या चारही गोष्टी एकाच तराजूत तोलतो, तिथेच गडबड होते.

आधी क्षेत्रफळाचा गोंधळ मिटवू. नव्या प्रकल्पात रेराच्या (बिल्डरांवर लगाम ठेवणाऱ्या कायद्याच्या) व्याख्येप्रमाणे कार्पेट, म्हणजे आतलं वापरायचं क्षेत्रफळ सांगतात. त्यात घरातल्या आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या फ्लॅटचा मालक मात्र ‘नऊशेचा टू बीएचके’ म्हणतो आणि त्यात जिना, पॅसेज, सगळंच असतं. आम्ही पाहिलेला असा एक ‘नऊशे’ टेपनं मोजल्यावर आतून जेमतेम साडेसहाशे भरला. त्यामुळे स्क्वेअर फुटाचा भाव ऐकून तुलना करू नका. टेप घेऊन जा.

आता पैशांचं. नवा आणि जुना, दोन्ही फ्लॅट ७० लाखांचेच समजा. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळं धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. हे दोन्हीकडे सारखंच. (फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर १ टक्का सुटतो, ७० हजार वाचतात, नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली.) बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर वर ५ टक्के जीएसटी, साडेतीन लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा रिसेलच्या घराला जीएसटी नाही. म्हणून रिसेल स्वस्त पडतो असं वाटतं, पण ब्रोकरचा १ टक्का, सोसायटीचं हस्तांतर शुल्क (महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर घेता येत नाही), रंग, गळकं बाथरूम आणि जुनं वायरिंग यांत साडेतीन-चार लाख कधी गेले ते कळतही नाही. इथवर बरोबरी.

खरा फरक भाड्यात आहे. पझेशनला अडीच वर्षं असतील तर २२ हजारांनी ६ लाख ६० हजार भाडं जाणार, आणि बँकेनं बिल्डरला दिलेल्या प्रत्येक हप्त्यावरचं व्याज त्याच काळात चालू असणार. हा आकडा कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

उलट बाजूही सांगतो, कारण रिसेलवाल्यांना ही खाच उशिरा समजते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, पण किंमत म्हणजे तिच्या व्हॅल्युअरनं ठरवलेली. ७० लाख मागणाऱ्या जुन्या फ्लॅटची किंमत त्यानं ६२ लाख काढली, तर कर्ज ५६ लाखांऐवजी ४९ लाख ६० हजार मिळणार. वरचे ६ लाख ४० हजार तुमच्या खिशातून. आणि मालक ‘थोडे कॅशमध्ये द्या’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

नव्या फ्लॅटला रेरानं पुष्कळ आधार दिलाय, हे मान्य. करार नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशातला ७० टक्के वाटा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षं त्याच्यावर असते, आणि ताबा लांबला तर व्याज मागता येतं. महारेराच्या (राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव टाकून पूर्ण होण्याची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते पाहा. सँपल फ्लॅटपेक्षा ते पान जास्त खरं बोलतं. सँपल फ्लॅटला दारं बसवलेली नसतात आणि पलंग बेताचा करून घेतलेला असतो. माझ्या मते सगळे स्लॅब टाकून झालेले आणि आत प्लास्टर चालू असेल तरच नव्याचा विचार करावा. खड्डा खणलेला दाखवून ‘प्री-लाँच रेट’ सांगणाऱ्याला आपण बिनव्याजी भांडवल देत असतो.

जुन्या फ्लॅटमध्ये भिंती दिसतात, शेजारी दिसतात, दुपारचं ऊन कुठं पडतं ते दिसतं. दिसत नाहीत ते कागद. पहिला प्रश्न विचारायचा तो कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं सोसायटीच्या नावावर हस्तांतर, झालाय का. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्या वीस वर्षं नांदतायत आणि खालची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. बिल्डर दाद देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाची (त्याच्या सहीवाचून जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची) सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी सभासदांनी हलायला हवं. वार्षिक सभेला पाच डोकी जमणाऱ्या सोसायटीकडून ती अपेक्षा धरू नका. मग भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), पहिल्या मालकापासूनच्या करारांची साखळी, प्रत्येक व्यवहाराची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. सहकारनगरसारख्या भागात एक आणखी गाठ असते. १९६१ च्या पानशेत पुरानंतर पूरग्रस्तांना दिलेल्या शासकीय जमिनींवर तिथं सोसायट्या उभ्या राहिल्या. जमीन तशी असेल, तर ती वर्ग दोनची (सरकारी अटींवर दिलेली) आहे का आणि हस्तांतराला परवानगी लागते का, हे वकिलाकडून लिहून घ्या.

‘रिडेव्हलपमेंटला जाणार आहे हो’ हे वाक्य कोथरूड-एरंडवण्यात फ्लॅटच्या किमतीत सरळ पाच-दहा लाख चढवतं. तिथं समोरचा रस्ता मोजा. नऊ मीटरहून अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही, आणि टीडीआर नाही म्हणजे बिल्डरला रस नाही. लिफ्ट नसलेला तिसरा मजला रिडेव्हलपमेंटच्या आशेवर घ्यायचा आणि आईनं दहा वर्षं जिने मोजायचे, हा सौदा मला तरी पटला नाही.

रो-हाऊस पाहून भाचेसून हरखली. दारात तुळस, वर गच्ची. पण झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न घराच्या आतच आला. शिवाय भिंत सामाईक. शेजाऱ्यानं गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं नाही तर ओल आपल्या भिंतीला, आणि खर्च वाटून घ्यायला तिथं कुणी नसतं. पुष्कळदा गच्चीवर पत्रा टाकून एक खोली काढलेली असते. मंजूर नकाशात ती आहे का ते पाहा. जमीन स्वतंत्र तुमच्या नावावर होणार की सोसायटीच्याच नावावर राहणार, हेही विचारा, कारण ‘स्वतःची जमीन’ म्हणूनच तर जास्तीचे पैसे मोजतो आपण.

प्लॉटबद्दल थोडक्यात. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे आणि सातबाऱ्यावर पंधरा जणांची सामाईक नावं असतील तर नको. तुकडेबंदीचा (जमिनीचे फार छोटे तुकडे पाडायला आडकाठी करणारा) कायदा १९४७ पासून आहे, आणि बँक अशा जमिनीला कर्ज देत नाही, हीच मोठी खूण. एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर ले-आउट, भूमी अभिलेखची मोजणी आणि नकाशावर दिसणारा रस्ता, हे सगळं असेल तर पुढे. तरीही भाडं भरत, कर्ज फेडत, वर बांधकाम काढणं या जोडप्याला झेपणारं नाही.

आणि पाणी. घर कुठलंही असो, नव्यानं महापालिकेत आलेल्या गावांत टँकरचं बिल मेंटेनन्समध्येच दडलेलं असतं. मागच्या एप्रिल-मे महिन्यांचं बिल मागून पाहा. नदीकाठी असाल तर निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा बघा. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा तिथल्या कुठल्याच सदनिकेवर ‘रिव्हर व्ह्यू’ची किंमत कमी लागलेली नव्हती. असली माहिती ब्रोकरकडून मिळत नाही. इस्त्रीवाल्याला विचारा.

आमचं शेवटी वारज्यातल्या एका २००६ च्या इमारतीवर येऊन थांबलंय. दुसरा मजला, लिफ्ट आहे, कन्व्हेयन्स झालेला, स्वयंपाकघर अंधारं. व्हॅल्युएशन यायचंय. मालक तीन लाखांवर अडलाय, आणि भाचा येत्या मंगळवारी सकाळी सहाला नळाला पाणी किती वेळ येतं ते बघायला जाणार आहे.