टेक्सासमध्ये नवा पिकअप घेताना आमची झालेली फसवणूक

अमेरिकेत केटरिंग, लँडस्केपिंग किंवा ट्रेलर ओढण्यासाठी फुल-साइज पिकअप घ्यायच्या विचारात जे कुणी असतील, त्यांनी सही करण्याआधी हे वाचावं. आमची फसवणूक डॅलस भागातल्या एका डीलरकडे झाली. तक्रार अजून चालू आहे, म्हणून डीलरचं आणि गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही.

आम्ही नवरा-बायको केटरिंग करतो. गणेशोत्सव, दिवाळी, लग्नं, मुंजी. स्वयंपाकाचा ट्रेलर पूर्ण भरला की 6,200 पाउंड होतो. एवढा ट्रेलर कुठलाही पिकअप ओढून नेईल असं सगळेच सांगतात आणि ते बहुतेक खरंही असतं. अडचण येते ती पेलोडची, म्हणजे माणसं आणि सामान मिळून पिकअप स्वतःच्या अंगावर किती वजन घेऊ शकतो त्याची. ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडणीवर, पर्यायाने पिकअपच्या पाठीवर येतो आणि तो पेलोडमध्येच धरावा लागतो. आमच्या ट्रेलरचा हा भार 750 पाउंड. त्यात आम्ही दोघं आणि दोन मदतनीस मिळून 620, शिवाय जनरेटर, हिचची लोखंडी जोडणी आणि किरकोळ सामान 200. म्हणजे 1,570 पाउंड झाले. हा हिशोब कागदावर लिहून आम्ही डीलरकडे गेलो होतो.

विक्रेता मराठी निघाला. बायकोला "वहिनी", मला "दादा" म्हणत त्याने चहा मागवला. कागद बघून म्हणाला, "दादा, ही गाडी दोन हजाराच्या वर घेते. तुमचं सामान हिला काहीच नाही." पुरावा म्हणून त्याने माहितीपत्रकातला आकडा दाखवला. तो आकडा खोटा नव्हता, पण तो दोन दारांच्या, टू-व्हील ड्राइव्ह, जास्त वजनासाठी खास पॅकेज घेतलेल्या गाडीचा होता. चार दारं, फोर-व्हील ड्राइव्ह, सनरूफ, मोठी चाकं असं एकेक वाढत गेलं की गाडी स्वतःच जड होते आणि तेवढा पेलोड कमी होतो. त्यामुळे एकाच मॉडेलच्या, शेजारी-शेजारी उभ्या दोन गाड्यांचा पेलोड शेकडो पाउंडांनी वेगळा असू शकतो.

म्हणून मी गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडून चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचला. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर त्या एका गाडीपुरतं छापलेलं असतं. तिथे 1,842 पाउंड होते. शेजारच्या लेबलावर गाडीचा 17 अक्षरी व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक गाडीचा वेगळा असणारा ओळख क्रमांक होता. दोन्ही एकाच फोटोत घेतले आणि ती गाडी ठरवली.

गाडी ताब्यात मिळाली ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुकान बंद व्हायच्या वेळेला. अंगणात दुसरीच गाडी उभी होती. हौद्यावर कडक झाकण, त्यात लोखंडी टूलबॉक्स, दोन्ही बाजूंना जाड पायऱ्या, खाली मोठी चाकं. "तीच गाडी आहे दादा, फक्त ॲक्सेसरीज बसवलेली. त्या तुम्हाला निम्म्या किमतीत दिल्यात." फायनान्सच्या खोलीत टॅबलेटवर एकामागून एक सह्या घेतल्या. पेलोड बदलला आहे का, असं मी तिथे स्पष्ट विचारलं. "तोच आहे," असं उत्तर मिळालं.

दाराच्या चौकटीवर मात्र 1,536 होतं. व्हीआयएनही वेगळा होता. हे दुसऱ्या दिवशी घरी फोटोशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं. फोन केला तर "कंपनी काळजीपोटी कमी लिहिते, तेवढं चालतं." टेक्सासमध्ये डीलरकडून घेतलेली गाडी तीन दिवसांत परत करता येते असा आपल्याकडे बराच समज आहे. तसा हक्क इथे नाही.

ह्यूस्टनच्या ऑर्डरला जाताना आय-45 वर गाडीचं शेपूट इतकं बसलं की हेडलाइटचा झोत समोरच्या गाड्यांच्या आरशात जाऊ लागला. स्टिअरिंग हलकं पडलं. अठरा चाकी ट्रक बाजूने गेला की ट्रेलर डुलायचा आणि त्याचा हिसका सीटखाली जाणवायचा. बायकोने हँडल घट्ट धरलं होतं आणि मागे बसलेले मदतनीस गप्प झाले होते. शेवटी ट्रेलर रस्त्यालगत लावून मदतनिसांना दुसऱ्या गाडीने नेलं.

परत आल्यावर ट्रक स्टॉपवरच्या कॅट (CAT) नावाच्या, गाड्या तोलायच्या काट्यावर ट्रेलर न जोडता, टाकी भरून, वजन केलं. पंधरा-वीस डॉलरचं काम आहे आणि प्रत्येक ॲक्सलचं वजन छापून मिळतं. माझ्यासकट 6,030. माझे 180 वजा केले तर गाडी 5,850. तिच्या एकूण वजनाची मर्यादा 7,150. म्हणजे उरले 1,300 पाउंड! स्टिकरवरच्या 1,536 मधून गेलेले 236 पाउंड ॲक्सेसरीजचे, आणि ते स्टिकरमध्ये धरलेलेच नव्हते. पहिल्या विक्रीपूर्वी गाडीवर 100 पाउंडांहून जास्त वजन चढवलं तर स्टिकर दुरुस्त करायचा, असा केंद्रीय सुरक्षा नियम आहे. हे डीलरला माहीत नाही हे मला पटत नाही.

भरवशाच्या बाबतीतही हीच रीत. "या इंजिनाची एकही तक्रार नाही" असं छातीठोक सांगून पुढच्याच मिनिटाला महागडा वाढीव वॉरंटी करार पुढे केला, आणि "कर्ज देणाऱ्यांची अट आहे" असं सांगून तो आमच्या गळ्यात मारला. कर्ज देणाऱ्या संस्थेने अशी कुठलीही अट नसल्याचं मला लेखी कळवलं. करारात बारीक अक्षरांत होतं की धंद्यासाठी वापरलेल्या गाडीला संरक्षण नाही. आम्ही केटरिंग करतो हे त्या विक्रेत्याला पहिल्या चहापासून माहीत होतं.

नुसत्या कंपनीच्या नावावर कुणी जाऊ नये. आपल्या लोकांत टोयोटा म्हटलं की डोळे झाकून घ्यायची पद्धत आहे. मे 2024 मध्ये टोयोटाच्याच 2022-23 च्या टुंड्रा पिकअपसह सुमारे लाखभर गाड्यांचा रिकॉल (दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघाला, इंजिनात कारखान्यातला धातूचा कचरा राहिल्यामुळे. जनरल मोटर्सने एप्रिल 2025 मध्ये 6.2 लिटर व्ही-8 च्या, 2021 ते 2024 मधल्या जवळपास 6 लाख गाड्यांचा रिकॉल काढला. त्यात क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडचा दोष होता. म्हणून नेमकं इंजिन आणि नेमकं वर्ष घेऊन एनएचटीएसए (NHTSA) या केंद्रीय रस्ते सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर मालकांच्या तक्रारी वाचा. व्हीआयएन टाकला की न झालेली रिकॉल दुरुस्तीही तिथेच दिसते. ती बाकी असताना नवी गाडी ग्राहकाच्या हवाली करणं डीलरला कायद्याने मना आहे.

मी दोन्ही फोटो, काट्याची पावती आणि कर्जसंस्थेचं पत्र जोडून डीलरच्या मालकाला लेखी नोटीस दिली. टेक्सासच्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दावा लावण्याआधी 60 दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, तीच ही. राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे आणि एनएचटीएसएकडेही तक्रार केली. त्यानंतर तो वॉरंटी करार रद्द होऊन पैसे आले आणि टूलबॉक्स, झाकण, पायऱ्या त्यांनी काढून नेल्या. गाडी बदलून द्यायला अजून नकार आहे. तुमच्यापैकी कुणी गाडी ठरवत असाल तर "अमुक व्हीआयएनची गाडी, दारावर अमुक पेलोड, वरून काहीही बसवायचं नाही" एवढं ई-मेलने मागून घ्या आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय बयाणा देऊ नका. नोटिशीचा मसुदा कुणाला हवा असेल तर मी पाठवतो.